आकाशातील पाखरे आणि शेजाऱ्याची चूल



पाऊस लांबला की आपल्या भागात दोन गोष्टींची विचारपूस वाढते. नाथसागरात पाणी किती टक्के उरले याची, आणि देव आहे कुठे याची. पहिल्याचे उत्तर वर्तमानपत्रात छापून येते. दुसरा प्रश्न मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देणारेही बहुधा तिथेच उभे असतात. तो पाखरांना उपाशी ठेवत नाही, तुम्हाला ठेवील का, विश्वास ठेवा, असे कोणीतरी म्हणते, पाठीवर हात ठेवते आणि आपल्या वाटेने निघून जाते. ज्याच्या पाठीवर हात ठेवला त्याच्या घरी पीठ आहे की नाही, हे विचारायचे मात्र राहून जाते.

प्रभू येशूने आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे बोट दाखवले, ते संत मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि संत लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात आपल्याला वाचायला मिळते. या वचनाने कितीतरी खचलेल्या माणसांना उभे केले आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. हे वचन कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी म्हणावे? आणि ज्याचा त्यावर विश्वास आहे, तो माणूस सकाळी उठून काय करतो?

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी घेऊ. इसवी सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे काही मठवासी हाताने काम करायला नकार देऊ लागले. त्यांचा आधार हेच पाखरांचे वचन होते. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, मग आम्ही तरी का करावी? भाविकांनी आणून दिलेले खावे आणि प्रार्थना करावी. कार्थेजचे बिशप ऑरेलियुस यांनी संत ऑगस्टीन यांना यावर लिहिण्याची विनंती केली, आणि ऑगस्टीन यांनी मठवासीयांच्या श्रमांवर एक छोटा ग्रंथच लिहिला. त्यात गंभीर युक्तिवाद आहे, तशी थोडी थट्टाही आहे. पाखरांचे अनुकरण करायचे तर पुरते करा, असा त्यांचा रोख आहे. पाखरे धान्य दळत नाहीत, शिजवत नाहीत, कोठीत भरून ठेवत नाहीत. तुम्ही मात्र दळता, शिजवता आणि ठेवताही! संत पौल स्वतःच्या हातांनी राबून पोट भरीत असे, हेही ते त्या मठवासीयांच्या ध्यानात आणून देतात.

आपल्या शेतकऱ्यांना हा धडा शिकवण्याची गरज नाही. पाखरूसुद्धा झुंजूमुंजू झाल्यापासून दाण्यासाठी हिंडते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तोही तंबूच्या दारात आयता येऊन पडत नव्हता, सकाळी उठून वेचावा लागत होता. लोभाने साठवला तर त्यात किडे पडत. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचा वेचून ठेवा, अशी देवाचीच आज्ञा होती. तेव्हा बचत करणे म्हणजे अविश्वास, असे कोणी समजू नये. ज्या भगिनी दर महिन्याला बचत गटात पैसे भरतात, त्यांचा देवावर भरवसा कमी आहे असे नाही.

मग प्रभूने कशाला मनाई केली? संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न नेमका विचारला आहे: माणसाने पुढच्या काळाची चिंता करावी का? त्यांचे उत्तर शेतकऱ्याला पटेल असे आहे. प्रत्येक ऋतूला त्याची त्याची काळजी असते. कापणीच्या दिवसांत कापणीची काळजी करावी, द्राक्षे उतरवण्याची नव्हे, तिचा काळ पुढे येणार आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मृगात पेरणीची काळजी वाहावी. दिवाळीत कापसाला काय भाव मिळेल याने मृगातच झोप उडवून घेऊ नये.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. कष्ट करा, बेताने साठवा, उगाच झुरू नका. पण ज्याने कष्ट केले, बेताने खर्च केला, पेरणी वेळेवर केली आणि तरीही पाऊस आला नाही, त्याचे काय? त्याला आळसावरचे प्रवचन लागू पडत नाही. आणि आमच्या मते पाखरांच्या वचनाची खरी कसोटी त्याच्याच दारात आहे.

महाराष्ट्रात या कसोटीतून गेलेल्या एका बाईंची आठवण इथे करावीशी वाटते. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन ख्रिस्तसभेत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण देवाकडे रोजचे अन्न मागणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके दोन्ही बाजूंनी पाहिलेले माणूस सापडणे कठीण.

पहिली बाजू त्यांच्या माहेरची. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि विलक्षण धीराचे होते. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत फिरत असे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळ होते नव्हते ते संपले. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी मोकळेपणाने लिहिले आहे की देवधर्माला आणि दानधर्माला सर्व काही दिले म्हणजे देव आपले चालवील, असा घरातला भरवसा होता. शास्त्र्याच्या घरात हलके काम करण्याची सवय नव्हती, आणि भीक मागायला मन धजत नव्हते. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ च्या सुमारास वडील गेले, त्यांच्यामागून आई आणि मोठी बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ तेवढे उरले.

कोणी म्हणेल, ते इतर धर्माचे होते, त्यांनी खऱ्या देवाला हाक मारली नव्हती. बंधू-भगिनींनो, असे म्हणण्याची घाई करू नका. दुष्काळात ख्रिस्ती माणसेही मेली आहेत, प्रार्थना करीत मेली आहेत. आणि इतके दिले म्हणजे इतके परत मिळेल हा हिशेब आपल्यातही कमी नाही. नोव्हेना पुरी केली, मेणबत्त्या लावल्या, मग बोअरला पाणी का लागले नाही, असा जाब संतांना विचारणारे आम्ही पाहिले आहेत. हल्ली तर विश्वासाचे बी म्हणून पैसे टाका, शंभरपट मिळतील, असे सभांमधून सांगणारे उपदेशकही फिरतात. अशा देवाण-घेवाणीला विश्वास हे नाव आम्ही देणार नाही. पीक न आल्यावर तो माणूस दोनदा मरतो, एकदा भुकेने आणि एकदा आपलाच विश्वास कमी पडला या दोषाने.

आता दुसरी बाजू. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला नेले. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले होते, ती मुदत १८९८ मध्ये भरणार होती. त्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सुकलेल्या मुली आणि तरुण विधवांना घेऊन आल्या. एक-दोन नव्हे, काही शेकडा. एवढ्या मुलींसाठी बांधलेली रक्कम कोठेही नव्हती. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांनी या मुलींना दौंडजवळच्या केडगावला आपल्या शेतावर नेले. तेच आजचे मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडील मुली आल्या आणि केडगावला जेवणारी तोंडे दोन हजारांच्या जवळ गेली.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर नावाचे एक गृहस्थ होते. देवाशिवाय कोणाकडेही पैसे मागायचे नाहीत असा नेम करून त्यांनी आयुष्यभरात दहा हजारांहून अधिक अनाथ मुले सांभाळली. (वार्षिक अहवाल मात्र ते न चुकता छापत, आणि लोक ते वाचत, हेही सांगायला हवे.) त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. त्याही रोजच्या अन्नासाठी देवावर विसंबून राहू लागल्या. पण केडगावला काय चालले होते ते पाहा. विहिरी खोदल्या जात होत्या. फळझाडे लावली होती, भाजीपाला आणि धान्य पिकवले जात होते. मुली माग चालवीत, तेल गाळीत, शिवणकाम करीत, पुढे छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापले गेले. उपाशी घरातून आलेल्या या बाईंनी वडिलांची श्रद्धा टाकली नाही, ती अधिकच घट्ट केली. टाकला तो अंगमेहनतीचा कमीपणा आणि हात पसरण्याची लाज. प्रार्थना आणि पहार यांच्यात त्यांना भांडण दिसले नाही.

इथे कोणी हुशार माणूस विचारील: फादर, विहीर मजुरांनी खणली, पैसे देणगीदारांनी दिले, भाकरी मुलींनी थापल्या. मग देवाने काय केले?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यावर संत थॉमस यांचे उत्तर असे की आपण वाटणी करण्यातच चुकतो. अर्धे काम देवाचे आणि अर्धे माणसाचे, अशी ही भागीदारी नव्हे. पत्र लिहिताना प्रत्येक अक्षर लेखणीने उमटते आणि प्रत्येक अक्षर लिहिणाऱ्याचेही असते. चार ओळी लेखणीच्या आणि सहा ओळी माणसाच्या, असे आपण म्हणत नाही. तसेच संपूर्ण भाकरी शेतकऱ्याची, गिरणीवाल्याची, आईची, आणि संपूर्ण भाकरी देवाची. देवाला स्वतःच सर्व करता आले असते, पण आपल्या लेकरांनाही देणारे होण्याचा मान मिळावा म्हणून तो त्यांच्या हातून देतो.

आपल्यातील सत्तरी ओलांडलेल्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तो लालसर मिलो. चव कोणाला आवडली नाही, पण कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या. तो मिलो ज्याने पिकवला त्याला मराठवाडा कुठे आहे हे ठाऊकही नसेल. त्याच दुष्काळातील कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी घेऊन गेलेली पहिली आगगाडी मिरजेहून निघाली होती. मिरजेच्या स्थानकावर वाघिणींना नळ्या जोडणाऱ्या कामगारांना, आपण कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर देत आहोत, असे वाटले असेल की नाही कोण जाणे. देवाचे देणे कधी कधी रेल्वेच्या वेळापत्रकातून आणि सरकारी मस्टरवरूनही येते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. हे वचन कोणी कोणाला म्हणावे?

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण अन्न मागतो ते 'मला' नव्हे, 'आम्हाला'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत, आणि माणसांशी बोलताना 'आम्ही' म्हटले की समोरचा वगळला जातो. पण ही प्रार्थना देवापुढे केलेली आहे. समोर देव आहे, म्हणून उरलेले सगळे या 'आम्ही'च्या आत आले: शेजारी, त्याची म्हातारी आई, वस्तीवर उतरलेला ऊसतोड मजूर, ज्याच्याशी बांधावरून बोलणे बंद आहे तोही. ज्याच्या घरी पोती भरलेली आहेत तो जेव्हा सकाळी ही प्रार्थना म्हणतो, तेव्हा तो शेजाऱ्याच्या रिकाम्या डब्यासाठीच मागत असतो. आणि मागितलेले देवाने त्याच्याच कोठीत आधी आणून ठेवलेले असण्याचा संभव असतो.

म्हणून आमचे मत असे आहे: पाखरांचे वचन माणसाने स्वतःला सांगावे. रात्री झोप येत नसेल तेव्हा सांगावे, आणि द्यायला हात कचरत असेल तेव्हा तर जरूर सांगावे. उपाशी शेजाऱ्याला मात्र ते भाकरीबरोबर सांगावे, भाकरीऐवजी नव्हे. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच खडसावून सांगितले आहे. उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावले तर त्याचा काय उपयोग, असा त्याचा सवाल आहे.

संत लूकच्या बाराव्या अध्यायात पाखरांच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, हे घरी जाऊन जरूर वाचा. रविवारच्या वाचनांमध्ये हा अध्याय तुकड्यातुकड्याने येतो आणि नेमका कावळ्यांचा भाग मध्येच गळतो. आधी आहे तो भरपूर पीक आलेला धनवान, जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याच्या विचारात असलेला. नंतर आहे ते आपले विकून दानधर्म करण्याचे आवाहन. कावळे या दोहोंच्या मधोमध आहेत. उद्याच्या भीतीने मूठ आवळते. पित्यावर भरवसा बसला की ती सैल होते. चिंता करू नका हे प्रभूने सांगितले ते आपली झोप सुधारावी एवढ्यासाठी नव्हे. चिंता करणारा माणूस देऊ शकत नाही, म्हणूनही सांगितले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाच्या कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटले आणि मग विठ्ठलाने महाराच्या रूपात दरबारी जाऊन त्याची भरपाई केली, असे ती कथा सांगते. ती कथा आपल्या धर्माची नाही, पण तिचा क्रम आम्हाला मोलाचा वाटतो. कोठाराचे दार दामाजींनी आधी उघडले. थैली नंतर आली.

हे आपल्या गावाशी जोडून बोलल्यावाचून राहवत नाही. बिडकीनच्या परिसरात ७,८५५ एकरांवर औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे राष्ट्रार्पण झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हाती मोबदल्याच्या रूपाने कधी न पाहिलेली रक्कम आली. कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी मुलांना शिकवले, कोणाचे पैसे गाड्या आणि लग्नांतच गेले. यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन जाते तेव्हा माणूस गोंधळणारच. पण मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. त्याच शेतात वीस वर्षे निंदणी-खुरपणी केलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. जमीन गेली तेव्हा मालकाला चेक मिळाला, तिची मजुरी मात्र बुडाली. तिला पाखरांचे वचन सांगायला कोण जाणार? आणि रिकाम्या हाताने जाणार का?

एक प्रश्न उरतोच. सर्व हात उघडले तरी काही पाखरे पडतात. चिमणी पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही, असे प्रभू म्हणाला. ती पडतच नाही, असे तो म्हणाला नाही. रोजचे अन्न मागायला शिकवणारा तो स्वतः क्रुसावर तहानेला होता. कर्जापायी ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरी जाऊन विश्वास कमी पडला असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही, धर्मगुरूला तर नाहीच. त्या घरी काही न बोलता बसावे. जाताना बाजरी घेऊन जावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे.

मागण्याविषयी शेवटचे दोन शब्द. आपल्या धर्मग्रामात काही कुटुंबे अशी आहेत, ज्यांना अडचण सांगण्याची लाज वाटते. लोक काय म्हणतील, याने त्यांचे ओठ मिटतात. पण ही प्रार्थना म्हणणारा प्रत्येक जण रोज सकाळी याचकच असतो, भरल्या घरचाही. तेव्हा ज्यांच्या घरी या महिन्यात ओढाताण आहे त्यांनी संध्याकाळी धर्मगुरूंच्या निवासाचे दार वाजवावे. नाव कोठेही लिहिले जाणार नाही. ज्यांच्या घरी ज्वारी-बाजरीच्या दोन पायल्या जास्त आहेत त्यांनीही त्याच दाराने यावे. पोते पोचवायचे असेल तर मागची बाजू सोयीची आहे, तिथपर्यंत रिक्षा येते.